अंगावर काढलेली खाज

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. आम्ही मानेवाडा भागात राहतो. माझ्या सासूबाई ६६ वर्षांच्या आहेत. पाळी जाऊन बरीच वर्षं झाली. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. दुपारी खर्राही (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खातात. चार वर्षांपासून त्यांना लघवीच्या जागी खाज आहे. झोपेत खाजवतात आणि सकाळी परकराला रक्ताचे ठिपके दिसतात. आधी कडुनिंबाच्या पाण्याने धुणं झालं, मग पावडर, मग मेडिकल स्टोअरमधली ट्यूब. ट्यूब लावली की आठ दिवस बरं, पुन्हा तेच. एका दवाखान्यात नेलं तर त्यांनी टेबलावर न घेताच गोळ्या लिहून दिल्या. दुसरीकडे सोनोग्राफी आणि पॅपची तपासणी झाली, दोन्ही नॉर्मल.

मागच्या महिन्यात त्यांचा हात मोडला, तेव्हापासून आंघोळ मी घालते. तेव्हा पाहिलं, तर तिथली कातडी पांढरी पडली आहे आणि एका बाजूला हरभऱ्याएवढी कडक गाठ आहे, वरून सोललेली. सासूबाईंना ते कोड वाटतं. घरात नणंदेच्या मुलीचं लग्न जमवणं चालू आहे, म्हणून त्या इतके दिवस गप्प राहिल्या. आता एका लेडी डॉक्टरांनी पाहून 'तुकडा काढून तपासू' असं सांगितलं आहे. पण मोठे दीर म्हणतात, सुई-कात्री लागली की गाठ चिडते आणि कॅन्सर असला तर अंगभर पसरतो. सासूबाई तर म्हणतात, "आता या वयात कोनाले दाखवू वं बाई?" आम्ही काय करावं? हा कॅन्सर असेल का? खर्च आम्हाला झेपेल का?
— एक सून, नागपूर

उत्तर : ताई, तुम्ही ज्यासाठी पत्र लिहिलंत त्याचं उत्तर आधी देते. तुकडा काढून घ्या, याच आठवड्यात. लग्नाची बोलणी, पितृपक्ष, पाहुणे, काहीही मध्ये येऊ देऊ नका. पत्रात तुम्ही नंबर दिला होता म्हणून हे तुम्हाला फोनवर आधीच कळवलं. इथे सविस्तर लिहिते आहे ते यासाठी की अशी खाज घेऊन गप्प बसलेली बाई आपल्या नागपुरात पुष्कळ घरांत आहे.

कॅन्सर आहे की नाही हे मी पत्रावरून सांगू शकत नाही, आणि नुसत्या डोळ्यांनी पाहून कोणीच छातीठोक सांगू नये. लघवीच्या जागेची खाज बहुतेक वेळा कॅन्सरची नसतेच. शुगर वाढलेली असली की बुरशी होते, पाळी गेल्यावर कातडी कोरडी पडते, कुणाला साबण सोसत नाही, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात नायलॉनचे कपडे घालून दिवसभर घामात राहिलं तर वेगळं कारण शोधायलाही नको. पण तुमच्या पत्रात चार गोष्टी एकत्र आल्या आहेत: साठीपलीकडचं वय, वर्षानुवर्षांची खाज, पांढरी पडलेली कातडी, आणि त्या कातडीवर कडक, न भरणारी गाठ. या चार गोष्टी एकत्र दिसल्या की अंदाज बांधत बसायचं नसतं.

ज्या आजाराची शंका आहे तो योनीच्या बाहेरच्या भागाचा, म्हणजे भगोष्ठांचा कॅन्सर. रिपोर्टवर 'कार्सिनोमा व्हल्वा' असं लिहिलेलं असतं. तो फार थोड्या जणींना होतो. २०२० सालच्या जागतिक अंदाजात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या सुमारे ६ लाख नव्या रुग्ण होत्या, तर याच्या सुमारे ४५ हजार. दुर्मीळ असल्यामुळे त्याची मोहीम निघत नाही, पोस्टर लागत नाही, आणि रोज शंभर पेशंट तपासणाऱ्या डॉक्टरच्या मनातही तो पटकन येत नाही. पण हा कातडीचा आजार आहे, ताई. पोटात दडलेला नाही. दिवा लावून, पाय दुमडायला सांगून कोणी पाहिलं तर तो समोर दिसतो. अंडाशयाच्या कॅन्सरबद्दल असं म्हणायची सोय नाही, म्हणून तर मला चार वर्षांच्या त्या ट्यूबांचं इतकं वाईट वाटतं.

आता ते दोन नॉर्मल रिपोर्ट. ते खोटे नाहीत. पॅपच्या तपासणीत आतल्या गर्भाशयमुखाच्या पेशी घेतात. सोनोग्राफीत गर्भाशय आणि अंडाशय बघतात. ज्या जागी खाज आहे, त्या जागेबद्दल दोन्ही रिपोर्टांमध्ये एक अक्षर नाही. 'पॅप नॉर्मल आली, मग कॅन्सर नाही' असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल तर ते गर्भाशयमुखापुरतं खरं.

पांढऱ्या डागांबद्दल सासूबाईंना माझा निरोप सांगा: हे कोड दिसत नाही. कोडात फक्त रंग जातो. कातडी जशीच्या तशी राहते आणि सहसा खाजही नसते. तुम्ही लिहिलं आहे त्यावरून हा लायकेन स्क्लेरोसस नावाचा आजार असावा. यात कातडी पांढरी तर होतेच, शिवाय कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ आणि चुरगळलेली दिसते, खाजवलं की लगेच फाटते. कित्येकींना पांढरेपणा गुदद्वाराभोवतीही उतरलेला असतो. हळूहळू आतल्या घड्या एकमेकींना चिकटतात आणि तोंड अरुंद होतं. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच कातडीवर उलटते म्हणून हे होतं, असं मानलं जातं. तो अस्वच्छतेने होत नाही, एकीचा दुसरीला लागत नाही. नणंदेच्या मुलीच्या लग्नाशी त्याचा काडीचा संबंध नाही, आणि हे नणंदेला तुम्ही उघड सांगितलंत तर सासूबाईंच्या मनावरचं निम्मं ओझं उतरेल.

लायकेन असलेल्या शंभर जणींपैकी पाचांपेक्षा कमी जणींना पुढे कॅन्सर होतो. पण इथे उपचाराने खरोखर फरक पडतो. ऑस्ट्रेलियात ५०७ स्त्रियांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या ३५७ जणींनी मलम सांगितल्याप्रमाणे लावलं त्यांच्यापैकी एकीलाही कॅन्सर झाला नाही. ज्या १५० जणींनी मध्येच सोडलं, पुन्हा धरलं, त्यांच्यापैकी सात जणींना कॅन्सर किंवा त्याच्या आधीची अवस्था आढळली.

ते मलम म्हणजे क्लोबेटासोल, कडक स्टेरॉइड. तुम्ही म्हणाल, मेडिकल स्टोअरच्या ट्यूबमध्येही तेच होतं! असेल. त्या ट्यूबांमध्ये बहुतेक वेळा स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक अशी तिन्ही एकत्र असतात. ती आठ दिवस लावली की खाज दबते, बुरशी असेल तर स्टेरॉइडने आणखी पसरते, आणि खाली काय चाललं आहे ते झाकलं जातं. लायकेनचं निदान पक्कं झाल्यावर आम्ही नुसतं क्लोबेटासोल देतो: पहिला महिना रोज रात्री, दुसरा महिना एक दिवसाआड, तिसरा महिना आठवड्यातून दोनदा. करंगळीच्या टोकावर मावेल इतकंच, नेमक्या पांढऱ्या जागेवर. ३० ग्रॅमची ट्यूब तीन महिने पुरली पाहिजे. त्याआधी संपली तर जास्त लागतं आहे. पण गाठीवर मात्र आता काहीही लावू नका. तुकड्याच्या रिपोर्टाआधी मलम नको, हळद नको, काही नको.

आता तुकड्याकडे येते. तुमचे दीर काळजीपोटीच बोलतात आणि असं मानणारे ते एकटे नाहीत. ही समजूत कुठून आली असावी हे मला ठाऊक आहे. आपल्याकडे माणूस फार उशिरा दवाखान्यात येतो. आजार आधीच पसरलेला असतो, तेव्हा तुकडा घेतला जातो, आणि दोन महिन्यांनी तो गेला की लोकांच्या लक्षात सुई राहते. आधीची दोन वर्षं कुणी मोजत नाही. कातडीच्या या आजारात तुकडा काढल्याने कॅन्सर पसरत नाही. तुकड्याशिवाय मात्र कुठलाही चांगला सर्जन हात लावणार नाही, लावूही नये.

होतं काय ते सांगते, म्हणजे सासूबाईंना तसंच सांगता येईल. दवाखान्यात भरती व्हायचं नाही, पोट रिकामं ठेवायचं नाही. त्यांना टेबलावर झोपवतात, अंगावर चादर असते. बारीक सुईने त्या जागी भूल देतात. ती सुई झोंबते, हे लपवू नका. अर्ध्या मिनिटाने जागा बधिर होते. मग पेन्सिलीएवढ्या पात्याने साधारण चार मिलिमीटरचा गोल तुकडा घेतात. एखादा टाका पडतो, कधी तोही नाही. तुकडा गाठीच्या कडेचा हवा, कारण मधला भाग कधी कधी नुसता कुजलेला असतो आणि रिपोर्ट अर्धवट येतो. शेजारच्या पांढऱ्या कातडीचाही एक घ्यायला सांगा. बाटलीवर नाव आणि जागा लिहिली आहे ना, हे तुम्ही स्वतः पाहा. सासूबाई रक्त पातळ करायची गोळी घेत असतील तर आधी सांगा. आणि कुणी म्हणालं, 'एवढीशी तर आहे, पूर्ण गाठच काढून टाकू', तर हात जोडून नाही म्हणा. गाठ नेमकी कुठे होती हे पुढच्या सर्जनला दिसलं पाहिजे. जांघेची तपासणी त्यावरच ठरते.

"या वयात कोनाले दाखवू" हे वाक्य मी रोज ऐकते, आणि त्यावर मला राग येत नाही. साठ-सत्तर वर्षं ज्या जागेचं नावही घेतलं नाही ती परक्या माणसासमोर उघडायची म्हणजे काय, हे मला कळतं. माझ्याकडे अशी आजी आली की मी आधी सोबतच्या सगळ्यांना बाहेर पाठवते. मग तिच्या हातात आरसा देते. कित्येकींनी ती जागा आयुष्यात पाहिलेली नसते. एकदा आपल्या डोळ्यांनी गाठ पाहिली की बहुतेक जणी स्वतःच विचारतात, आता काय करायचं. तुम्हीही तसंच करून पाहा, दुपारी घरात कोणी नसताना. दिरांना, मुलांना त्या खोलीत बोलवायची गरज नाही. आणि त्यांच्याशी खोटं बोलू नका. 'कॅन्सर आहे का ते बघायचं आहे, लवकर कळलं तर बरा होतो' इतकं सरळ सांगा. म्हातारी माणसं आपण समजतो त्यापेक्षा खंबीर असतात, आणि लपवलेलं त्यांना कळतंच.

रिपोर्टात कॅन्सर निघाला तर पुढचं सगळं दोन गोष्टींवर अवलंबून असतं: तो कातडीत किती खोल गेला आहे, आणि जांघेतल्या गाठींपर्यंत, म्हणजे तिथल्या लसिकाग्रंथींपर्यंत, पोचला आहे का. दोन सेंटीमीटरपर्यंतची गाठ आणि एक मिलिमीटरपर्यंतची खोली असेल तर आजूबाजूच्या थोड्या निरोगी कातडीसह ती काढली की भागतं, जांघेला हात लावावा लागत नाही. त्याहून खोल असेल तर जांघ तपासावीच लागते. सासूबाईंना जांघेत अवधाण आल्यासारखं काही हाताला लागतं का, हे डॉक्टरांना मुद्दाम पाहायला सांगा.

या शस्त्रक्रियेचा इतिहास ऐकला की आजच्या बायांचं नशीब बरं वाटतं. १९१२ साली बासे नावाच्या फ्रेंच सर्जनने खूप मोठा भाग कापून काढायची पद्धत मांडली, आणि पुढे कित्येक दशकं सगळा बाहेरचा भाग आणि दोन्ही जांघा एकाच मोठ्या चिऱ्यातून काढत. जखमा उसवायच्या, बाया कित्येक आठवडे दवाखान्यात पडून राहायच्या. आता चिरे वेगवेगळे आणि लहान घेतात. गाठ एकच असेल, चार सेंटीमीटरपेक्षा लहान असेल आणि जांघेत काही लागत नसेल, तर गाठीभोवती निळा रंग आणि किंचित किरणोत्सारी द्रव्य टोचून, ते जांघेतल्या ज्या गाठीत सगळ्यात आधी पोचतं तेवढीच काढून तपासतात. तिच्यात कॅन्सर नसेल तर बाकीच्या गाठी राहू देतात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चारशेहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात, अशी गाठ स्वच्छ निघालेल्या शंभरांपैकी दोन-तीन जणींनाच जांघेत आजार पुन्हा उलटला. ही सोय कुठे आहे ते सर्जनला आधीच विचारा. आणि दुसऱ्या दिवशी लघवी हिरवी-निळी झाली तर घाबरू नका, तो त्या रंगाचाच परिणाम.

जांघ स्वच्छ असेल तर शंभरांपैकी सुमारे नव्वद जणी पाच वर्षांनंतरही असतात. जांघेत पोचला असेल तर हा आकडा निम्म्याच्या आसपास येतो, आणि मग किरणोपचार लागतात, कधी सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचं औषध. म्हणून माझी घाई.

तुकडा स्त्रीरोगाच्या कुठल्याही चांगल्या ओपीडीत होतो. कॅन्सर निघाला तर मात्र जागा निवडून जा. तुमच्या मानेवाडा रोडवरच राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, मेडिकल (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) आहे, मिहानला एम्स आहे. मुंबईला धावायची घाई करू नका. स्त्रियांच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया करणारा सर्जन कोण, आणि हा आजार त्यांनी हाताळलेला आहे का, हे विचारायला लाजू नका. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर जा. मंजुरी शस्त्रक्रियेच्या आधी घ्यावी लागते. पैसे भरून मग योजना शोधली की फार ओढाताण होते.

खर्रा आजपासून बंद. धूम्रपानाचा या कॅन्सरशी संबंध सिद्ध झालेला आहे. खर्ऱ्याचा तोंडाच्या कॅन्सरशी आहे, हे विदर्भात वेगळं सांगायला नको. पण इथे आणखी एक अडचण आहे. भूल देणारे डॉक्टर आधी पेशंटला तोंड उघडायला लावून किती बोटं आत जातात ते पाहतात. खर्रा खाऊन जबडा आखडलेला असेल तर नळी घालणं अवघड होतं. सासूबाईंची आपली तीन बोटं उभी आत जातात का ते घरी पाहा आणि जात नसतील तर हे आधीच सांगा. शुगरचा रिपोर्टही ताजा हवा. शुगर वाढलेली असेल तर ही जखम भरत नाही.

शस्त्रक्रिया झाली तर घरी काय लागतं, हे सहसा कुणी सांगत नाही, म्हणून लिहिते. पहिले काही आठवडे उकिडवं बसता येणार नाही. भारतीय संडास असेल तर कमोडची खुर्ची आणा. लघवीची धार सरळ न पडता मांडीवर उडते, कधी कायमची. त्याने बायांना फार शरम वाटते. आधी सांगितलेलं असलं की कमी वाटते. लघवी करताना मगाने कोमट पाणी ओतत राहिलं तर आग होत नाही. नंतर मऊ सुती कापडाने टिपायचं, पुसायचं नाही. जांघेतल्या गाठी काढल्या असतील तर पाय सुजू शकतो, कधी कित्येक महिन्यांनी. अनवाणी अंगणात जायचं नाही, भेगा आणि चिखल्यांवर लगेच औषध, आणि पायातली जोडवी काढून ठेवायची. जोडवी काढायला बाया तयार होत नाहीत, सवाष्णीला ते नको वाटतं. सुजलेल्या बोटात रुतलेली जोडवी मग कापून काढावी लागतात, हे त्यांना समजावून सांगा.

आणि तुकड्यात कॅन्सर निघाला नाही, नुसतं लायकेन निघालं, तर देवाचे आभार माना आणि मलम सोडू नका. सहा महिन्यांनी दाखवा, पुढेही वर्षातून एकदा दाखवत राहा. मध्ये कधी नवी गाठ, चीर किंवा न भरणारी जखम दिसली तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका.

चार वर्षांत त्या जागेकडे नीट पाहणारं पहिलं माणूस तुम्ही आहात, ताई. रिपोर्ट आला की मला कळवा.

प्रश्न : माझं वय ३८. सहा वर्षांपूर्वी मला त्या जागी चामखिळी आल्या होत्या, त्या जाळून काढल्या. आता अशा कॅन्सरबद्दल ऐकून भीती वाटते. चामखिळींचा कॅन्सर होतो का? माझ्या १२ वर्षांच्या मुलीला एचपीव्हीची लस दिली तर हाही कॅन्सर टळेल का?
— धरमपेठ, नागपूर

उत्तर : चामखिळी बहुतेक वेळा एचपीव्ही या विषाणूच्या ६ आणि ११ या प्रकारांनी होतात, आणि ते प्रकार सहसा कॅन्सर करत नाहीत. त्या भीतीने झोप घालवू नका. पण एचपीव्हीचा एक प्रकार शरीरात आला होता म्हणजे दुसराही आला असू शकतो. म्हणून गर्भाशयमुखाची तपासणी वेळेवर करत राहा आणि तेव्हा डॉक्टरांना बाहेरचा भागही पाहायला सांगा. आपणहून सांगितल्याशिवाय पाहतीलच असं नाही.

मुलीला लस जरूर द्या. हा कॅन्सर दोन वाटांनी होतो. एक वाट एचपीव्हीची, त्यातही मुख्यतः १६ नंबरच्या प्रकाराची. ती थोड्या कमी वयाच्या स्त्रियांत दिसते. लस ही वाट अडवते, आणि गर्भाशयमुखाबरोबर योनी आणि भगोष्ठांनाही संरक्षण देते. दुसरी वाट वरच्या पत्रातल्या लायकेनची, म्हाताऱ्या वयातली. तिच्यावर लसीचा काही उपयोग नाही. नऊ ते चौदा या वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस पुरतात, पंधरानंतर तीन लागतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून बाजारात आहे. ती परदेशी लसींपेक्षा स्वस्त पडते. शाळेतल्या इतर आयांनाही सांगा.

प्रश्न : मी नागपूर जिल्ह्यात आशाताई म्हणून काम करते. गावातल्या म्हाताऱ्या बाया मला हळूच विचारतात, 'खाजेची पावडर आहे का वं?' मी काय करावं? तपासणी शिबिरात तर आम्ही तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख एवढंच पाहतो.
— एक आशा कार्यकर्ती

उत्तर : आशाताई, हे पत्र लिहिलंत म्हणून तुमचे मनापासून आभार. गावातली म्हातारी डॉक्टरला जे सांगत नाही ते तुम्हाला सांगते, आणि ती पावडर मागते तीच तिची तक्रार सांगायची पद्धत आहे.

पावडर देऊ नका, पण तिला परतही पाठवू नका. बाजूला घेऊन विचारा: किती दिवस झाले? तिथे काही कडक लागतं का, जखम आहे का, रक्त दिसतं का? कातडीचा रंग बदलला आहे का? रंगाचं तिला ठाऊक नसेल, कारण तिने पाहिलेलं नसतं. खाज महिन्याभरापेक्षा जुनी असेल, किंवा बाकीच्यांपैकी एकाचंही उत्तर 'हो' आलं, तर तिला नेऊन दाखवा. शुगरही तपासून घ्या. नुसत्या शुगरने खाज असलेल्या बायाच तुम्हाला जास्त भेटतील, आणि त्यांचाही त्यात फायदा आहे.

शिबिराबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, या आजारासाठी वेगळी तपासणी नाही. पण गर्भाशयमुख पाहायला बाई टेबलावर झोपलेलीच असते, दिवा लागलेला असतो, सिस्टर समोर बसलेल्या असतात. यंत्र आत घालायच्या आधी अर्धा मिनिट बाहेरची कातडी नीट पाहायची, घड्या बाजूला करून. त्याला पैसा लागत नाही, सामान लागत नाही. तुमच्या केंद्रातल्या सिस्टरांशी आणि सीएचओंशी (समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांशी) हे बोला, माझं हे पान त्यांना दाखवा.

एक विनंती मात्र नक्की पाळा. बाईला मेडिकलला किंवा तालुक्याला पाठवताना चिठ्ठीवर नुसतं 'खाज' लिहू देऊ नका. त्या चिठ्ठीवर तिला पुन्हा ट्यूबच मिळते आणि ती पुढची दोन वर्षं येत नाही. सिस्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या: बाहेरचा भाग पाहिला, कुठल्या बाजूला पांढरा डाग किंवा गाठ आहे, किती मोठी आहे, बायोप्सीसाठी (तुकडा काढून तपासण्यासाठी) पाठवत आहोत. आणि जमलं तर पहिल्या खेपेला तुम्ही तिच्यासोबत जा. ओपीडीच्या रांगेतून अशी म्हातारी फार लवकर घरी पळून जाते.